गाणाऱ्यांच्या हातातला अडनिडा कागद

प्रश्न : आम्ही डोंबिवलीतले काही हौशी गाणारे. बरीच वर्षे समूहगीते म्हणतो. यंदा हौसेने चार आवाजांतले, पाश्चात्त्य नोटेशनवरून बसवायचे गाणे घ्यायचे ठरवले. एक गाणे ठाण्याच्या चर्चमध्ये गाणाऱ्या मित्राने दिले. त्याची छापील पुस्तिका धड ए-फोर नाही आणि शाळेच्या वहीएवढीही नाही. तिची दोन-दोन पाने एका कागदावर झेरॉक्स केली, तर अक्षरे मुंगीएवढी आली. दुसरे गाणे न्यू जर्सीच्या भाच्याने ई-मेलने पाठवले. त्याच्या प्रिंटमध्ये प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर अर्धा कापलेला. दुकानदार म्हणतो, ‘फाइलच तशी आहे.’ जगभर ए-फोर चालतो, मग गाणाऱ्यांनीच कोणाचे घोडे मारले आहे? आणि आम्ही शेवटी कोणत्या मापात छापावे?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तुमची तक्रार एक वाटली तरी आजार दोन आहेत, आणि दोन्हींत दुकानदाराचा फारसा दोष नाही. मित्राची पुस्तिका एका मापाची, भाच्याची फाइल दुसऱ्या मापाची आणि दुकानातला कागद तिसऱ्या मापाचा. तिघांची घराणी वेगळी. ती डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या काउंटरवर प्रथमच एकमेकांना भेटली, एवढेच झाले आहे.

सोपे आधी घेऊ. ‘जगभर ए-फोर चालतो’ हे जवळजवळ खरे आहे, पण भाचा नेमका ‘जवळजवळ’च्या पलीकडे राहतो. अमेरिका आणि कॅनडात रोजच्या वापराचा कागद ‘लेटर’ मापाचा, म्हणजे साडेआठ इंच बाय अकरा इंच. मिलिमीटरमध्ये २१६ बाय २७९. आपला ए-फोर २१० बाय २९७. म्हणजे ए-फोर उंचीला १८ मिलिमीटर जास्त आणि रुंदीला ६ मिलिमीटर कमी. फाइल आहे त्याच मापात छापली, की दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिलिमीटर कागदाबाहेर जातात. शिवाय बहुतेक प्रिंटर कडेची चारेक मिलिमीटरची पट्टी कोरीच सोडतात. झाले सात. एरवी एवढ्या समासाने काही बिघडत नाही, पण नोटेशन लिहिणारे लोक पान वाचवण्यासाठी स्वर अगदी काठापर्यंत ताणतात. तिथे तुमचा शेवटचा स्वर अर्धा गेला.

उपाय दुकानदाराच्या हाताशीच आहे. प्रिंट देताना ‘ॲक्चुअल साइज’ऐवजी ‘फिट’ निवडायला सांगा. सगळे पान सुमारे ९७ टक्क्यांवर येईल. हा तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना कळतही नाही. खालीवर थोडी कोरी जागा उरेल, तिथे पेन्सिलीने खुणा करता येतील. अगदी मूळ मापच हवे असेल, तर ज्या कागदाला आपल्याकडे कोणी लीगल तर कोणी फुलस्केप म्हणते तो घ्या. त्याची रुंदी लेटरएवढीच, साधारण २१५ मिलिमीटर असते. खालचा लांबडा तुकडा कटिंगला दिला की डोंबिवलीत बसून अमेरिकी कागद तयार. लीगल मोठा म्हणून त्यावर अक्षरेही मोठी येतील, अशी मात्र आशा नको. पान किती मोठे होणार हे रुंदी ठरवते, आणि इथे तर फक्त उंची वाढलेली आहे.

जुनी, हक्कमुक्त गाणी फुकट देणाऱ्या ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’तून तुम्ही काही उतरवून घेणार असाल, तर तिथे प्रत्येक प्रतीपुढे पानांची संख्या आणि ‘लेटर’ की ‘ए-फोर’ हेही लिहिलेले असते. तेवढे वाचून मग छापायला जा.

आता मित्राची पुस्तिका. पट्टी लावून पाहा. ती बहुधा १७ सेंटिमीटर रुंद आणि २६ ते २७ सेंटिमीटर उंच भरेल. पावणेसात बाय साडेदहा इंच हे इंग्लंड-अमेरिकेतल्या समूहगायनाच्या छापील प्रतींचे ठरलेले माप आहे आणि त्याला तिकडे ‘ऑक्टेव्हो’ म्हणतात. आपल्या छापखान्यांत ‘डेमी अष्टमांश’, ‘क्राउन अष्टमांश’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मोठा ताव तीनदा दुमडला की आठ पाने होतात. मूळ ताव कोणता घेतला यावर अष्टमांश लहान की मोठा हे ठरते. त्यामुळे आपले डेमी अष्टमांश कादंबरीचे पुस्तक या पुस्तिकेपेक्षा बरेच लहान दिसते.

हे माप गाण्याच्या दुनियेत रुळले ते लंडनच्या नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेमुळे, आणि त्यामागे संगीताइतकाच पैशांचा हिशेब होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाण्याच्या छापील प्रती मोठ्या आकाराच्या आणि महाग असत. दुसरीकडे इंग्लंडच्या गिरणगावांत कामगारांची गायनमंडळे भराभर निघत होती. त्यांच्यात गळे शंभर, पण प्रत विकत घेण्याची ऐपत दहांची. जोसेफ आल्फ्रेड नोव्हेलोने हे हेरले. १८४४पासून त्याच्या ‘द म्युझिकल टाइम्स’ या मासिकासोबत छोटी समूहगीते घरोघर जाऊ लागली. १८४६मध्ये त्याने हँडेलचा ‘मेसाया’ लहान आकारात, सहा-सहा पेन्सच्या मासिक हप्त्यांनी विकायला काढला. धातूच्या पत्र्यावर कोरून छापण्याऐवजी त्याने सुटे खिळे जुळवून छपाई केली. प्रती हजारोंनी काढायच्या तर हीच पद्धत स्वस्त पडे. त्यात ब्रिटनमध्ये कागदावर तेव्हा वजनावर कर होता. पान लहान, तर वजन कमी आणि करही कमी. तो कर १८६१मध्ये उठला. तो उठवण्यासाठी झगडणाऱ्या संघटनेचा खजिनदार हाच नोव्हेलो होता, त्यामुळे त्याला कागदाची किंमत नीट ठाऊक होती असे म्हणायला हरकत नाही.

पण कर उठून दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी माप तसेच का राहिले? नुसत्या सवयीने एवढे टिकत नाही. खरे कारण गाणाऱ्याच्या हातात आहे.

वादकाचा कागद स्टँडवर असतो, गाणाऱ्याचा हातात. दीड-दोन तास उभे राहून, एका हाताने धरून, दुसऱ्याने पान उलटत, मधूनच संचालकाकडे पाहत गायचे असते. ए-फोरची उघडी पुस्तिका म्हणजे पूर्ण ए-थ्री कागद, ४२ सेंटिमीटर रुंद. गडकरी रंगायतनच्या किंवा अत्रे रंगमंदिराच्या मंचावर खांद्याला खांदा लावून तीन रांगा उभ्या केल्या, की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तेवढीच रुंदी येते. शेजाऱ्याच्या पुस्तिकेचा कोपरा तुमच्या पुस्तिकेखाली जाणार आणि पान उलटताना दोघांची लढाई होणार. ऑक्टेव्हो उघडली तर ३४ सेंटिमीटरच भरते. हा आठ सेंटिमीटरांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रांगेत उभे राहिल्यावर त्याची किंमत कळते.

यावर कोणी म्हणेल, वादकाला देतात तसा आपापल्या आवाजापुरता एक कागद द्या ना! हिंदी चित्रपटांच्या जुन्या वाद्यवृंदात तसेच होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याकडचे संगीत-संयोजक प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहीत, आणि व्हायोलिनवाल्यापुढे फक्त व्हायोलिनची ओळ असे. पण व्हायोलिनवाल्याला सूर कुठे ते बोटाने सापडतो. गळ्यात बोट ठेवायला जागा नसते. आल्टो गाणारी बाई चार मात्रा गप्प राहून नेमक्या सुरावर उठते, ती टेनरचा आधीचा स्वर कानाने आणि डोळ्यांनी धरून. म्हणून तिच्यापुढे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चारही ओळी आणि बहुधा खाली पियानोच्या दोन ओळी लागतात. म्हणजे पानावर सामान जास्त आणि पान मात्र लहान हवे. या ओढाताणीतून निघालेली तडजोड म्हणजे तुमच्या मित्राची ती अडनिडी पुस्तिका.

आता मुंगीएवढ्या अक्षरांचा हिशेब. पुस्तिका उघडी ठेवली की काचेवर ३४२ बाय २६७ मिलिमीटरचा चौकोन पडतो. तो आडव्या ए-फोरवर, म्हणजे २९७ बाय २१० मिलिमीटरमध्ये बसवायचा. रुंदी ८७ टक्क्यांवर बसते, पण उंची ७८ टक्के केल्याशिवाय मावत नाही. मशीन अर्थातच लहान आकडा घेते. मूळ पाच रेषांचा पट्टा सुमारे सहा मिलिमीटर उंच असतो, तो पावणेपाचच्या आत येतो आणि शब्दही त्याच प्रमाणात आक्रसतात. तोच चौकोन ए-थ्रीवर घ्या. तिथे उलट १११ टक्के मोठा करता येतो. एकेक पान सुटे घेऊन उभ्या ए-फोरवर काढले तरी तेच १११ टक्के. म्हणजे दुकानात एवढेच सांगायचे : ‘दोन पाने एका ए-फोरवर नकोत, एक पान एका ए-फोरवर, ११० टक्के.’ एक टक्का कडेसाठी राखून ठेवलेला बरा.

पुस्तिका जर्मनीतली असेल तर गंमत आहे. बेरेनरायटरसारख्या प्रकाशकांच्या गायनप्रती १९ बाय २७ सेंटिमीटरच्या असतात. त्या ११० टक्के केल्या की २०९ बाय २९७ मिलिमीटर होतात, म्हणजे ए-फोर जवळजवळ काठोकाठ भरतो.

इथे एक शेजारधर्म म्हणून सांगतो. पुस्तिका एक विकत घ्यायची आणि तीस झेरॉक्स काढायच्या, ही आपल्याकडची राजमान्य पद्धत असली तरी कायदेमान्य नाही. भारतात रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. मूळ चाल दोनशे वर्षांपूर्वीची असली तरी ती चार आवाजांत कोणी नव्याने बांधली असेल, तर त्या बांधणीचा हक्क वेगळा धरला जातो. बरेच प्रकाशक आता जेवढे गाणारे तेवढ्या प्रतींचा परवाना देऊन फाइलच विकतात. तो मार्ग घेतलात तर वरचे टक्क्यांचे गणितही करावे लागणार नाही.

ए-फोर हा ‘शास्त्रीय’ कागद, म्हणून तो सगळ्यात चांगला, असाही एक समज आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे. या मालिकेतल्या कागदाची लांबी रुंदीच्या १.४१४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी असते. त्यामुळे कागद मधोमध दुमडला तरी आकाराचे प्रमाण तेच राहते. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग याने १७८६मध्ये एका पत्रात मांडली आणि १९२२मध्ये वाल्टर पोर्स्टमान याच्या प्रयत्नांनी ती जर्मनीचे मानक झाली. मालिकेतला सर्वांत मोठा ए-झिरो बरोबर एक चौरस मीटरचा, आणि ए-फोर त्याचा सोळावा हिस्सा. झेरॉक्स मशीनवर ७१ आणि १४१ हे दोन आकडे तयार दिसतात ते यामुळेच. ए-फोरचा ए-फाइव्ह करायचा तर ७१, ए-थ्री करायचा तर १४१. पण हा सगळा गुण दुमडण्याचा आणि लहानमोठे करण्याचा आहे. हातात धरायला सोयीचा असल्याचा दावा त्या मालिकेने कधी केलेला नाही.

हा प्रश्न आपल्याला आजवर पडला नाही, कारण आपले स्वरलेखन वेगळ्या वाटेने गेले. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ घ्या. सा-रे-ग-म ही अक्षरेच आहेत. वरखाली टिंब, आडवी रेघ, मात्रेची खूण एवढे जमले की नेहमीच्या देवनागरी खिळ्यांत सगळी बंदिश बसते. पाच रेषा नाहीत, चार आवाज नाहीत. सुराची एक ओळ आणि तिच्याखाली शब्दांची एक. त्यामुळे ही पुस्तके इतर पुस्तकांच्याच मापात निघाली. पाश्चात्त्यांकडेही अक्षरांनी लिहिण्याची अशी एक पद्धत आहे, टॉनिक सोल्फा नावाची. मिझोराममधली गायनमंडळे चार आवाजांची अवघड गाणी तिच्यावरूनच गातात. रेषा नसल्याने त्यांची पुस्तके आटोपशीर राहतात. आणि कल्याण-कसाऱ्याकडून सकाळी निघणाऱ्या लोकलमधल्या भजनी मंडळांना तर कागदच फारसा लागत नाही. बुवांनी ओळ उचलायची आणि डब्याने झेलायची. कोणाकडे पुस्तिका असलीच तर ती खिशातली आणि फक्त शब्दांची. उभे राहायला जागा नसताना ए-फोर कोण उघडणार?

म्हणून कागद निवडण्याआधी गटात एक गोष्ट विचारून घ्या : नोटेशन खरोखर किती जण वाचणार आहेत? बहुतेकांनी ऐकून पाठ करायचे असेल, तर त्यांना शब्दांची ए-फाइव्ह पुस्तिका पुरे. संचालक, पेटी किंवा कीबोर्डवाला आणि प्रत्येक आवाजातले वाचणारे दोघे-तिघे यांनाच पूर्ण प्रत द्या. खर्च वाचतो, आणि कानाने शिकणाऱ्याला कागदामागे लपायला जागा राहत नाही, हा माझ्या मते जास्त मोठा फायदा.

ज्यांना पूर्ण प्रत द्यायची त्यांच्यासाठी माझे मत ए-फोरच्या बाजूने आहे. त्यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. पावणेसात इंची कागद तुमच्या दुकानात नाही, आणि तुमच्या गटात चष्मेवाले बरेच असणार. हाताला भार पडू नये म्हणून पुठ्ठ्याची काळी फाइल घ्या, म्हणजे पान खाली लवणार नाही. छापण्याआधी एकच पान काढून पट्टीने पाच रेषांच्या पट्ट्याची उंची मोजा. सहा मिलिमीटर असेल तर उत्तम, साडेपाच चालेल, पाचच्या खाली गेली तर दुकानातूनच परत फिरा. मग ते पान तालमीच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावर धरून सर्वांत वयस्क सभासदाला वाचायला द्या. त्यांना जमले की सगळ्यांना जमले.

कागद ७० जीएसएमचा घेऊ नका. दोन्ही बाजूंना नोटेशन छापले की मागचे काळे ठिपके पुढे उमटतात, आणि स्वर नाही तिथे स्वर दिसतो. अक्षरांच्या बाबतीत डोळा असे भास सहज गाळतो, नोटेशनमध्ये गाळू शकत नाही. ९० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो घ्या, मिळाला तर किंचित पिवळसर नॅचरल शेडचा. चकचकीत आर्ट पेपर मंचावरच्या दिव्यांत चमकतो आणि ओळच दिसेनाशी होते. वजनाची भीती नको. ८० जीएसएमचा एक ए-फोर बरोबर पाच ग्रॅमचा असतो, १०० जीएसएमचा सव्वासहा. वीस कागदांची, म्हणजे चाळीस पानांची जाड प्रतही सव्वाशे ग्रॅमच भरते. पावसाळ्यात मात्र छापून ठेवू नका. जुलैच्या दमट हवेत कागद लुळा पडतो आणि मशीनमध्येही अडकतो.

पुस्तिका शिवणार असाल तर ए-थ्रीवर बॅक टू बॅक छापून मधोमध दुमडा आणि सेंटर पिन मारा. दुमड थोडी फुगीर राहील. बहुतेक तयार कागदांत धागे लांबीच्या दिशेने असतात आणि आपण दुमडतो ते त्यांना आडवे. वहीच्या पाठीवरून पट्टीची कड दाबून फिरवली आणि गठ्ठा रात्रभर वजनाखाली ठेवला, की बरीचशी बसते.

राहता राहिला पाने लावण्याचा प्रश्न. अशा पुस्तिकेची पाने नेहमी चारच्या पटीत येतात. समजा, गाणे दहा पानांचे आहे. ते पहिल्या पानापासून सुरू केले तर पाच वेळा पान उलटावे लागेल, आणि शेवटी दोन पाने कोरी राहतील. त्याऐवजी पहिल्या पानावर नुसते नाव छापा आणि गाणे दुसऱ्या पानापासून सुरू करा. आता समोरासमोरच्या जोड्या जुळतात, चारच वेळा उलटावे लागते आणि बारा पाने तीन ए-थ्रीमध्ये बसतात. उलटण्याची जागा सगळ्यांची एकच असणार, तेव्हा ती शक्यतो विश्रांतीच्या मात्रेवर येते ना हे संचालकांना आधी पाहायला सांगा. येत नसेल तर पुढच्या पानाची पहिली मात्रा आधीच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवायची. तीस जणांनी एकाच क्षणी, हळू आवाजाच्या ओळीत, शंभर जीएसएमची पाने उलटली तर तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.